तिकिटं कोरी होण्याआधी

तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म, अर्ज लिहून मिळतील, असं पाटीवर लिहिलंय. सोळा वर्षं झाली. रेशनकार्डापासून फेरफारापर्यंत सगळ्या अर्जांचे साचे कॉम्प्युटरवर तयार असतात. नाव, गाव, गट नंबर बदलला की अर्ज तयार. पोलीस ठाण्यात द्यायच्या तक्रारीचाही असाच एक साचा होता. 'वरील इसमांनी मला जातिवाचक शिवीगाळ करून जीवे मारण्याची धमकी दिली. माझ्या जिवाचे बरेवाईट झाल्यास वरील इसम जबाबदार राहतील.' हे वाक्य मी आजवर किती जणांना छापून दिलं असेल, त्याची गणती नाही. पानाचे वीस रुपये.

गावाचं नाव इथं देत नाही, तालुक्याचंही नाही. मराठवाडा, एवढं पुरे. घरांची संख्या, नाती आणि काही खुणाही बदलल्या आहेत. ज्यांची ही गोष्ट, त्या दलित समाजातली मी नाही, हे मात्र खरं तेच सांगते, कारण पुढं सगळीकडं ते आडवं येत राहिलं.

दलित वस्ती, अकरा घरं. त्यातली सात घरं दोन पिढ्या गावचं गायरान कसत होती. मराठवाड्यात गायरानाचं हे दुखणं जुनं. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची सोय केली. पण गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांच्या सरकारी नोंदवहीत, अतिक्रमणदार म्हणून नाव आणि सातबाऱ्यावर सरकार, अशा अधांतरी अवस्थेत कितीतरी कुटुंबं राहिली. ही सात त्यातलीच. सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असताना एका रात्री कुणीतरी त्यात जनावरं सोडली. सकाळी जाब विचारायला गेलेल्या दोघांना मार बसला, बायकांना नको ते ऐकवलं. त्याच दिवशी दुपारी सगळी माझ्या दुकानात. मी साचा उघडला, सात नावं बदलली, सात अर्ज काढून दिले. गरीब माणसं म्हणून पानामागं दहाच रुपये घेतले आणि मनात म्हटलं, चला, आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

ठाण्यात अर्ज ठेवून घेतले. 'जमीन तुमच्या नावावर आहे का?' असं विचारलं आणि मारहाणीची अदखलपात्र नोंद करून परत पाठवलं. चार-पाच दिवसांनी गावात पारावर बैठक झाली. त्या बैठकीचं इतिवृत्त नाही, दवंडी नाही, कुणी एक ओळ लिहिलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या कुणाला किराणा मिळेना, गिरणीवर दळण घेईनात, डेअरीवर दूध घालून घेईनात, मजुरीला बोलावणं येईना, काळीपिवळीवाला हात दाखवला तरी थांबेना.

ते सात अर्ज पुढं जिल्ह्याच्या गावी एका वकिलांच्या टेबलावर गेले आणि त्यांनी मला फोन केला. दुकानाचा शिक्का होता ना खाली. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ताई, हे सातही अर्ज एकाच तोंडातून आलेत. उद्या समोरचा वकील सात प्रती शेजारीशेजारी ठेवील आणि म्हणेल, साहेब, हे सगळं पढवलेलं आहे." मग विचारलं, शिवी नेमकी काय दिली? कुणी दिली? कुठं उभं राहून? ऐकायला कोण होतं? मला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ॲट्रॉसिटी कायद्यात जातीवरून केलेला अपमान लोकांच्या देखत झालेला असावा लागतो. घराच्या आत चार भिंतींत आणि पाणवठ्यावर दहा जणांत, या दोन गोष्टींत कायद्याच्या दृष्टीनं फार अंतर आहे. माझ्या साच्यानं ते अंतर पुसून टाकलं होतं. 'जातिवाचक शिवीगाळ' म्हटलं की शिवी नाहीशीच होते.

त्यांनीच मला दोन दिवसांच्या एका शिबिराला बोलावलं. चौदा जण होतो. अंगणवाडीताई, एक निवृत्त ग्रामसेवक, लॉ कॉलेजची पोरं. शिकवायला ते वकील आणि सगळे जिला अक्का म्हणायचे अशी साठीतली एक कार्यकर्ती. मला वाटलं होतं, कलमं शिकवतील. कलमं आली, पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. पहिला अख्खा दिवस आम्ही एकमेकांचे जबाब घेत बसलो. अक्कानं सांगितलं, प्रत्येकानं आपल्या आयुष्यातला एक अपमान शेजारच्याला सांगायचा आणि शेजारच्यानं तो लिहायचा. मी माझा सांगितला, शेजारच्या पोरानं लिहून वाचून दाखवला. त्यात मी 'ढसाढसा रडले' होते. मी रडले नव्हते, असं म्हणालेही नव्हते. त्याला वाटलं, अशा वेळी बाई रडतेच. अक्का म्हणाली, "बाई बोलली ते लिहायचं. तुला जे वाटलं ते घरी जाऊन तुझ्या डायरीत लिही."

'का' असं विचारायचं नाही, हेही तिथंच कळलं. 'तुम्ही तिकडं का गेला होता?' म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. 'मग काय झालं?' एवढंच विचारत राहायचं. गर्दीत जबाब घ्यायचा नाही, कारण एकाचं ऐकून दुसऱ्याची आठवण बदलते. आणि एकाच बाईला तेच पुन्हापुन्हा सांगायला लावायचं नाही. याला दोन कारणं. प्रत्येक वेळी तिला ते पुन्हा भोगावं लागतं, हे एक. पाच जणांनी पाच वेळा लिहून घेतलं की पाच कागद तयार होतात, पाचांत बारीकसारीक फरक पडतो आणि उलटतपासणीत तोच फरक तिच्या तोंडावर फेकला जातो, हे दुसरं. इसिसच्या अत्याचारांतून वाचलेल्या इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्य समाजातल्या बायकांचं असंच झालं, असं अक्का सांगत होती. पत्रकार आले, संस्था आल्या, तपासणारे आले. प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं होतं. त्यातूनच पुढं २०२२ साली त्यांच्यातल्याच नादिया मुराद यांच्या नावानं अशा कामाची एक आचारसंहिता तयार झाली. माझ्या तालुक्यापासून इराक किती लांब, पण ते ऐकताना मला माझं दुकानच दिसत होतं. कुणीही यावं आणि बाईला म्हणावं, हां, सांगा, काय झालं.

वकिलांनी एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगितली. "तुमचं नाव कुठं येणार नाही, असं कुणालाही सांगू नका. कोर्टात गेलं की नाव येतंच. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळते, त्यात साक्षीदारांचे जबाब असतात." त्यांनी खर्ड्याचं उदाहरण दिलं. अहमदनगर जिल्ह्यात २०१४ च्या एप्रिलमध्ये नितीन आगे या दलित शाळकरी पोराचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्ष देणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं, तिथंच दळण दळायचं असतं. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडं अर्ज करता येतो. पण तो अर्ज करायचा असतो हेच कुणाला माहीत नसतं. म्हणून नोंद घेण्याआधीच ठरवायचं, ही नोंद कोर्टासाठी आहे की नुसती माहिती राहावी म्हणून. दोन्ही कामं वेगळी, दोन्हींच्या वह्या वेगळ्या. आणि ठरवायचं त्या माणसानं. आपण नव्हे.

शिबिरातून आले आणि पहिल्यांदा वस्तीत गेले. म्हातारी एक होती, तिला मी मावशी म्हणते. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आडनाव काय म्हनलीस बाई तुजं?" आडनाव सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं. पानी पी." मी पाणी प्यायले. त्याची नोंद त्यांच्याकडं झाली असणार.

आता अडचण अशी की बहिष्काराचा फोटो निघत नाही. मारहाणीचे वळ दिसतात, जळालेलं घर दिसतं. इथं जे काही आहे ते न घडलेलं आहे. दळण दळलं नाही, रिक्षा थांबली नाही, कामाला बोलावलं नाही. न घडलेल्याची नोंद कशी घ्यायची? १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला एक समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य होते. बहिष्कारापुढं उघड हिंसाचारही फिका पडतो, असं त्या समितीनं लिहून ठेवलं आहे. वकिलांनी ते सांगितलं तेव्हा वाटलं होतं, जरा जास्तच झालं. वस्तीत महिना काढल्यावर तसं वाटेनासं झालं. महिना काढला म्हणजे रविवारी जाऊन आले, राहिले नाही. एवढं स्पष्ट केलेलं बरं.

कायद्यात त्याला जागा आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं, तशी धमकी देणं, हा स्वतंत्र गुन्हा आहे: कलम ३(१)(झेडसी). पीक नासवण्याचा गुन्हाही त्यातच, (जी) मध्ये. माझ्या डोक्यात आपल्या राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा होता, २०१६ चाच. पण तो जातपंचायत आपल्याच माणसांना वाळीत टाकते त्यासाठी आणलेला, इथं पहिल्याचाच आधार घ्यायचा, असं वकील म्हणाले. कलम असलं तरी पुरावा लागतोच.

पुरावा सापडला तो पत्र्याच्या डब्यात. मावशीच्या सुनेला तिकिटं ठेवायची सवय. गावात मीठमिरची मिळेना म्हणून ती दर दोन-तीन दिवसांनी एसटीनं तालुक्याला यायची. बायकांचं अर्धं तिकीट झाल्यापासून कंडक्टर देतो ती बारीक पावती ती डब्यात टाकायची, का तर नवऱ्याला हिशोब दाखवायला. डब्यात पन्नासच्या वर तिकिटं होती. आधीच्या महिन्यातली फक्त तीन. बैठकीनंतर तिकिटांचा ढीग. तारीख, वेळ, कुठून कुठं, सगळं छापलेलं. न घडलेल्या गोष्टीची सावली कुठंतरी पडतेच. गावात किराणा मिळाला नाही, म्हणून एसटीत गर्दी झाली.

मी तिकिटं हातात घेतली आणि पोटात गोळा आला. अर्धी पुसट होत आली होती. मशीनच्या तिकिटाला शाई नसते, कागदच उष्णतेनं काळा होतो. ऊन, तेलाचे हात, प्लास्टिकची पिशवी यांनी काही महिन्यांत कोरा पडतो. पत्र्याचा डबा चुलीच्या बाजूला ठेवला होता! सोळा वर्षांच्या धंद्याचा उपयोग झाला तो इथं. त्याच रात्री दुकानाचं शटर आतून ओढून एकेक तिकीट काचेवर मांडलं, काळेपणा वाढवून प्रती काढल्या, मोबाईलनं फोटो घेतले, मूळ तिकिटं कागदी पाकिटात घालून परत दिली. लॅमिनेशन करून देता का, असं तिनं विचारलं. नाही म्हटलं. लॅमिनेशनच्या तापानं ते तिकीट एका क्षणात काळंकुट्ट होतं. मी माझ्या हातानं एका गिऱ्हाइकाचं एटीएमचं असंच घालवलेलं आहे.

मग आम्हाला नादच लागला. डेअरीवर दूध घातलं की पावती मिळते: लिटर, फॅट, एसएनएफ, तारीख. दोन घरांच्या पावत्या एका तारखेला तुटत होत्या. म्हैस आटली नव्हती, दूध निघत होतं. ते लेकरांनी प्यायलं, उरलेल्याचं तूप केलं. तालुक्याच्या गिरणीची चिठ्ठी. लेकरांच्या शाळेची हजेरी. रोजच्या मजुरीची कुणी पावती देत नाही, पण मुकादमाकडून आधी हप्त्याला फोन यायचे आणि नंतर एकही आला नाही, हे मोबाईलच्या कॉल यादीत दिसत होतं.

तारखा जुळवणं ही वेगळीच कसरत. पीक नासलं ती तारीख कुणालाच आठवेना. एक म्हणाली, पोळा होऊन चार दिवस झाले होते. दुसरी म्हणाली, हरताळका होती, उपास होता, म्हणून तर चक्कर आली. तिसरा म्हणाला, गणपती बसायच्या आदल्या दिवशी. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तिन्ही बोटं एकाच चौकटीवर आली. मी जबाबात तारीख लिहिली नाही, प्रत्येकाचं जे होतं तेच लिहिलं. तारीख वहीत बाजूला. साचा असता तर तिघांचीही 'दिनांक अमुक रोजी' झाली असती.

नावांची पद्धत अक्कानं सांगितली होती. घर १, घर २ असे आकडे द्यायचे नाहीत, कारण आपण रस्त्यानं चालत जाऊ त्याच क्रमानं आकडे पडतात आणि वस्ती माहीत असलेल्याला लगेच उलगडतं. आम्ही धान्यांची नावं घेतली. जवारी, करडई, हरभरा, मूग. कोण जवारी आणि कोण मूग याची यादी एकाच कागदावर, तो कागद जिल्ह्याला वकिलांच्या कपाटात. माझ्याकडं फक्त जवारी काय म्हणाली ते. मोबाईलला बोटाचा ठसा काढून आकडे लावले, कारण बोट कुणीही धरून टेकवू शकतं. व्हॉट्सॲपचा बॅकअप बंद केला. दुकानाच्या कॉम्प्युटरवर माझ्याच मोबाईलचं व्हॉट्सॲप दिवसभर उघडं असायचं आणि त्यावर पोरगा बसायचा, ते आधी बंद केलं.

एवढं सगळं केलं आणि घात झाला तो रद्दीनं.

झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेला कागद कुणी फेकत नाही. पाठकोरा असतो, त्याचे चार तुकडे करून हिशोबाला वापरतो. एका जबाबाची प्रत वाकडी निघाली, मी सवयीनं बाजूच्या ढिगात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोरानं त्याच तुकड्यावर एका गिऱ्हाइकाचा हिशोब लिहून दिला. गिऱ्हाईक त्याच गावचं. तुकड्यावर नाव नव्हतं, धान्य होतं. पण 'माझ्या दिराच्या पायाला तेव्हा प्लास्टर होतं' हे वाक्य होतं. गावात प्लास्टरवाला दीर एकच. संध्याकाळी त्या घरापुढं चार मोटारसायकली उभ्या राहिल्या. कुणी हात लावला नाही. उभे राहिले, बोलले आणि गेले. त्या घरानं दुसऱ्या दिवशी मला निरोप पाठवला, आमचं लिहिलेलं फाडून टाक.

मी फाडलं. मोबाईलमधलंही काढलं. वकिलांना कळवलं की अमुक धान्य आता नाही. मग त्या घरी गेले आणि सांगितलं, चूक पोराची नाही, माझी आहे. दीर बाहेर आला नाही. बाई म्हणाली, "तुमचं काय, ताई. दुकान बंद केलं की तुम्ही घरी." यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं, अजूनही नाही. ते घर पुन्हा कधी त्यात आलं नाही. आता दुकानात एक बादली आहे. वस्तीचं काही छापलं की उरलंसुरलं तीत, आणि रात्री बंबात. मोठ्या मशीनला हार्डडिस्क असते, तीत छापलेल्याची प्रत राहू शकते, हेही मला सोळा वर्षांत पहिल्यांदा मेकॅनिकला विचारून कळलं. तेव्हापासून ते काम जुन्या, साध्या मशीनवर.

दरम्यान गुन्हा नोंदवायची खटपट चालूच होती. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टानं पाठवायचं. ॲट्रॉसिटीला तर कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अटच नाही. २०१८ साली केवढा गदारोळ होऊन ते कलम आलं. या वेळी अर्ज एकच, नऊ पानी, ज्याच्या-त्याच्या शब्दांत. शिव्या जशाच्या तशा. टाईप करताना माझे हात अडखळत होते, मावशी शेजारी बसून म्हणाली, "लिही की. मी आयकून घेतली, तुला लिहाया काय झालं?" सोबत एक-ई चा उतारा जोडला, म्हणजे 'जमीन तुमची का' याला उत्तर. अकरा दिवसांनी गुन्हा नोंदला गेला. तपास नियमाप्रमाणे उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं गेला. फिर्याद सही घेण्याआधी वाचून दाखवणं, प्रत फुकट देणं, हे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि ते टाळणं कलम ४ खाली गुन्हा आहे, हे आमच्या पोरांनी पाठ केलं होतं. वाचून दाखवली. दोन ठिकाणी दुरुस्ती झाली.

व्हिडिओचं एक सांगायचं राहिलं. काळीपिवळी थांबत नाही, याचा एका पोरानं व्हिडिओ काढला होता. सगळे खूश. वकिलांनी विचारलं, मोबाईल कुणाचा? नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली असा पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं, त्यावर मोबाईलवाल्याची सही आणि फाईलचा हॅश. हॅश म्हणजे फाईलचा अंगठाच समजा. एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही, व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, ती दाबली जाऊन वेगळीच होते. पण खरी मेख सहीत होती. व्हिडिओ काढणारा तिथंच साक्षीदार होतो. पोरगा सतरा वर्षांचा, बारावीला. त्याच्या आईनं नको म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात मावशीच्या थोरल्यानं स्वतःच्या मोबाईलवर पुन्हा काढला, कोण सही करणार हे आधी ठरवून. पोराचा व्हिडिओ चांगला होता. हा हललेला आहे. हाच दाखल झाला.

आणि किराणावाला. तो गावातला, वरच्या समाजातला. एका संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आला आणि घुटमळत राहिला. म्हणाला, त्यांना माल दिला तर पाच हजार दंड ठरलाय. पिशवीत उधारीची वही होती, उघडून दाखवली. अकरा घरांची अकरा खाती, सगळ्यांची शेवटची नोंद एकाच तारखेची. पुढं पानं कोरी. अशी वही मी जन्मात पाहिली नव्हती. माझा हात मोबाईलकडं गेला होता, खोटं कशाला बोलू. त्यानं वही मिटली. "फोटो नको, ताई. अक्षर माझं हाय."

मी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, तो नको म्हणाला ना, मग संपलं. मला झोप लागेना. मग डोक्यात आलं की उधारी असणाऱ्या घरांकडंही छोटी डायरी असते, त्यात दुकानदारच लिहून देतो. ती तर वस्तीची! रविवारी गेले. तीन डायऱ्या निघाल्या, तिन्ही त्याच तारखेला थांबलेल्या. मी म्हटलं, हे तुमचं आहे, तुम्ही देऊ शकता. मावशीनं डायऱ्या पदराखाली घेतल्या. म्हणाली, "न्हाई द्यायच्या."

"काहून, मावशी?"

तिनं आत-बाहेर पाहिलं. "रातच्याला मीठ कुठून येतं, तुला काय ठावं?"

तो रात्री मागच्या वाटेनं देत होता. मीठ, काडेपेटी, कधी गोडेतेल. मला तो बोलला नव्हता, ती बोलली नव्हती. मी मात्र तीन महिने त्यांना सुरक्षित कसं राहायचं ते शिकवत होते.

डायऱ्या दाखल झाल्या नाहीत. तिकिटं, दुधाच्या पावत्या, कॉल यादी, व्हिडिओ, नऊ पानं, एवढंच गेलं. दोषारोपपत्र साठ दिवसांत यायला हवं, ते त्यानंतर बऱ्याच उशिरानं आलं. पीडितांना मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता आला, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीपुढं दोनदा जावं लागलं. खटला चालू आहे. तारखेला पाच जण येतात. एक फितूर होईल असं वाटतं; कोण ते मी लिहीत नाही.

बहिष्कार कोर्टानं सुटला नाही. तुरीच्या काढणीला मजूर मिळेनात, ऊसतोडीची माणसं आधीच निघून गेलेली. एकानं गुपचूप वस्तीत निरोप धाडला, मग दुसऱ्यानं. गिरणी शेवटी सुरू झाली. कुणी माफी मागितली नाही, पारावर बैठक झाली नाही. सुरू केल्याचंही कुठं लिहिलेलं नाही.

मागच्या महिन्यात मावशी एकटीच दुकानात आली. पदराखालून डायरी काढली, उघडून काउंटरवर ठेवली. कोऱ्या जागेखाली नवी तारीख, त्याच अक्षरात: मीठ १, गूळ अर्धा किलो, काडेपेटी २. दिवसाढवळ्या दिलेलं. "याची काढ," म्हणाली. "बंद कवा झालं ते लिवलंस, मंग हे बी लिही."

मी विचारलं, त्याला विचारलंय का?

"त्येनंच धाडलंय."

पहिली प्रत काळी निघाली. दुसरी बरी आली, ती तिला दिली. तिनं दोन रुपये काउंटरवर ठेवले आणि काळी प्रतही मागितली. माझ्यासमोर तिचे बारीक तुकडे केले, कनवटीला लावले आणि एसटी गाठायला गेली.